पहिल्या मापाला लाभ

भोरहून निघायच्या सकाळी गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता आणि अप्पा, माझे वडील, दुकानात बसून माझ्यासाठी आंबेमोहोर मापत होते. आमचं धान्याचं दुकान. पितळी शेर भरायचा, वरून हात फिरवायचा, पिशवीत ओतायचा. "लाभ," अप्पा म्हणाले. मग दोन, तीन, चार. पहिल्या मापाला ते जन्मात कधी 'एक' म्हणाले नाहीत. मी वैतागून म्हटलं, "अप्पा, उशीर होतोय, ओता ना भराभर." तर म्हणाले, "घाईत मोजलेलं पुरत नाही, बाळा." तो तांदूळ डेट्रॉइटच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी काढून घेतला. फोनवर अप्पांना मी ठोकून दिलं, भात मऊसूत झाला, घरभर वास सुटला.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. डेट्रॉइटजवळ ट्रॉय गावातल्या एका रिहॅब सेंटरमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे हातपाय उचलते आणि मोजते. वन, टू, थ्री, वन मोअर. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना ठाऊक असेल, आधी बाहेर इंग्रजीत मोजतो, मग मनातही इंग्रजीतच. माझं तसंच झालं आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी अप्पांना स्ट्रोक आला. रजा नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. मागितली असती तर मिळाली असती. त्याऐवजी मी व्हिडिओ कॉलवर सेशन घेतलं. दादानं फोन धरला, मी म्हटलं, "अप्पा, हात वर करा आणि मोजा." त्यांनी हात उचलला आणि अडखळत म्हणाले, "लाभ."

मी थांबवलं. "नाही अप्पा, एक. म्हणा, एक." ते पुन्हा म्हणाले, "लाभ." मग मी दादाला मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, "शब्द चुकतायत त्यांचे. एकाला भलतंच काहीतरी म्हणतायत. स्पीच थेरपी लाव." आणि हे त्यांच्यासमोर. दादा बँकेत नोकरीला, दुकानाशी त्याचा कधी संबंध नाही, तो हो म्हणाला. अप्पांनी हात खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर माझ्याबरोबर त्यांनी कधी मोजलं नाही. चार महिन्यांनी गेले. अख्खं लहानपण ज्या शब्दावर गेलं तो मी साफ विसरले होते, आणि विसरलेय हेही मला कळलं नव्हतं.

ते कळलं या हिवाळ्यात. यानिना म्हणून एक पोलिश आजी माझ्याकडे येतात. स्ट्रोकनंतर त्यांची इंग्रजी गेली, पोलिश राहिली. त्या मोजतात, येदेन, द्वा, त्शी, च्तेरी. सात म्हणजे शेदेम, आठ म्हणजे ओशेम. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या शाळेतल्या संस्कृतसारखं, सप्त, अष्ट. त्यांना घेऊन येणारी त्यांची मुलगी ॲन आर्बरच्या विद्यापीठात स्लाव्हिक, म्हणजे पोलिश-रशियनसारख्या भाषा शिकवते. ती खुलली. म्हणाली, तुमचे आणि आमचे आकडे एकाच जुन्या घरातून निघालेत. तुमचं शत ते आमचं स्तो. फक्त आमच्या नऊच्या आकड्याला पूर्वी तुमच्यासारखाच 'न' होता. मोजताना शेजारी 'द'चा दहा यायचा, त्याचा सूर लागून नऊही 'द'चा झाला. मला आपली म्हण आठवली, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मला हसू आलं. म्हटलं, शेजाऱ्यांचा सूर लागलेला हा नऊ तर माझाच भाऊ.

मग ती म्हणाली, रशियनमध्ये चाळीसला मात्र वेगळाच शब्द आहे, सोरोक. कातडी विकणारे व्यापारी चाळीस कातड्यांचा गठ्ठा बांधायचे, त्या गठ्ठ्याचं नाव म्हणे आकड्याला चिकटलं. "व्यापारी मोजताना आपलेच शब्द वापरतात," ती सहज म्हणाली.

यानिनाबाईंचा हात माझ्या हातात होता. तो मी कसाबसा खाली ठेवला. मला पितळी शेर दिसला, त्यावरून फिरणारा अप्पांचा हात दिसला. ते बरोबर मोजत होते. एवढ्या मोठ्या आजारात त्या माणसानं 'लाभ' म्हणून पहिलं माप शुभ केलं, आणि मी त्यांना वेड्यात काढलं. सेशन संपवून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

दुकान आता दादानं भाड्यानं दिलंय, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून भोर सांगते, पण खरं सांगू, ते आता फक्त त्या एका शब्दात उरलंय. यानिनाबाई येतात, मी त्यांचा हात उचलते आणि म्हणते, "लाभ." पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दुरुस्त केलं नाही. पुढे म्हणाल्या, "द्वा."

अप्पा, एवढंच करायचं होतं मला. तुम्ही लाभ म्हणालात, मी दोन म्हणायचं होतं.