गावंडे सरांची खिडकी

लोकप्रशासन सोडून दिलेल्या माणसाकडेच लोकप्रशासनाचे किस्से जास्त साचतात. पास झालेले नोकरीला लागतात आणि विसरून जातात.

आमच्या सौसरच्या कॉलेजात गावंडे सर होते. त्यांचं एकच म्हणणं, पुस्तक मिटा आणि सरकारी ऑफिसच्या खिडकीबाहेर बसा. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, डायरीत लिहा. पुढे पांढुर्ण्यापर्यंत सगळे मास्तर हेच शिकवायला लागले.

*

पहिल्या दिवशी मी दाखल्यांच्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसलो आणि लिहायचंच विसरलो. रामाकोन्याच्या एका बाईच्या पिशवीतून संत्र्यांचा वास येत होता, कडुनिंबाची सावली हळूहळू भिंत चढत होती. संध्याकाळी डायरीत एवढंच होतं: ‘बाई आल्या. ऊन सरकलं. बाई गेल्या.’

सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, ‘हेच प्रशासन.’

*

मोहगावचा प्रवीण डायरी उघडी ठेवून बसला. खिडकीतल्या बाबूला वाटलं, तपासणी आली. त्यानं प्रवीणला चहा पाजला आणि जेवणाच्या सुट्टीआधी अख्खी लाइन संपवली.

सर भडकले. “डायरी लपव बे. तुले पाहून ते काम करून राहिले!”

*

मग एकदा सर स्वतःच आले, दाखल्यासाठी. लाइन फाटकापर्यंत गेलेली, त्यात रामाकोन्याच्या त्या बाईही. बाबू त्यांचाच जुना विद्यार्थी. तो बाहेर येऊन पाया पडला, सरांना आत घेऊन गेला. मी लिहिलं: ‘११.१० सर आले. ११.२० दाखला घेऊन गेले. बाई अजून उभ्या.’

डायरीला शून्य मिळालं. सर म्हणाले, निरीक्षण वैयक्तिक आहे. घरी माझे काका म्हणाले, सरांचे पाय धर. आमच्याकडे मोठ्यांना दुसरा उपायच सुचत नाही. मी कॉलेज सोडलं.

*

यंदा रहिवासी दाखल्यासाठी त्याच लाइनीत उभा होतो. मागे कोणीतरी येऊन थांबलं. गावंडे सर. रिटायर झालेले, केस पांढरे.

बाबूनं खिडकीतून हाक मारली, “सर, आत या ना.” सर हलले नाहीत. त्यानं आणखी दोनदा बोलावलं. मग जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद झाली, सगळे सावलीत टेकले. सरांना डुलकी लागली. खांद्यावर कडुनिंबाचं पान पडलं, तेही त्यांना कळलं नाही. मी वळून वळून त्या पानाकडेच बघत होतो.

जागे झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर बोट टेकवलं.

“डायरी आणली का बे?”

“नाही.”

त्यांनी आपला अर्ज उलटा केला, कोरी बाजू माझ्यापुढे धरली आणि खिशातला पेन काढून दिला.

“अकरा दहाले आलो. अजून इथंच आहो. लिही.”