यशवंताच्या नाळेची डबी

देवचार, चकवा, मुंज्या... आमच्या कोकणात यांच्या गोष्टी भाताबरोबरच पानात पडतात. त्या ऐकून मी लहानपणी भ्यालो खूप, पण खऱ्या कधी मानल्या नाहीत. भिणं वेगळं, मानणं वेगळं. आता जे लिहितो आहे ते भुताखेताचं आहे असंही माझं म्हणणं नाही. घडलं तसं सांगतो. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

लढाई संपून वर्ष झालं असेल. मी नगरला, भिंगारजवळच्या एका लष्करी डेपोत हेल्पर होतो. आघाडीवरून परत आलेलं सामान तपासायचं, चालतं ते एकीकडे, मोडकं ते दुसरीकडे. त्यात माइन डिटेक्टर पुष्कळ असत. लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटासारखी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी आणि कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की कानात भुंग्यासारखा आवाज चढतो. एवढंच ते यंत्र.

राहायला मी सगुणामावशीकडे होतो. मावशी ख्रिस्ती. मुलींच्या एका बोर्डिंगात तीस वर्षं स्वयंपाकीण. नवरा तिथंच माळी होता, तो वारलेला. कंपाऊंडच्या कडेला दोन खोल्या आणि पुढं अंगण. मला मुदतीचा ताप आला तेव्हा या बाईनं एकवीस दिवस माझं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. माझ्या आईला आजतागायत त्या तापाची कल्पना नाही. मी परक्या गावात मेलो नाही तो मावशीमुळं, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे मी केलं ते त्यातूनच केलं.

मावशीचा एकुलता मुलगा यशवंत पलटणीत होता. ब्रह्मदेशात तो बेपत्ता झाल्याचा सरकारी कागद आला होता. मेला असं त्यात नव्हतं, आहे असंही नव्हतं. मावशी त्या कागदाबद्दल कोणाशी बोलत नसे. मात्र जेवायला बसलं की एक ताट जास्त मांडे, आणि मग स्वतःवरच चिडून ते उचले.

त्या वर्षी मे महिन्यात तिला सांगण्यात आलं की आता वय झालं, नवी बाई येते आहे, महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करा. तिची भाची कोपरगावला होती, तिकडं जायचं ठरलं. सामान बांधता बांधता एकदा मला म्हणाली, "दत्तू, तुझं ते गुणगुणनारं मशीन पितळ हुडकतं का रं?"

"कुठलाही धातू हुडकतं. का?"

मग तिनं सांगितलं. यशवंत झाला तेव्हा तिच्या सासूनं त्याची नाळ सुपारीसह पितळी डबीत घालून, लाखेनं झाकण बंद करून अंगणात पुरली होती. मावशी बाळंतिणीच्या खोलीत, त्यामुळं जागा तिनं पाहिली नाही. सासू सांगितल्याशिवायच गेली.

"मानूस फिरून फिरून नाळंपाशी येतं, बाबा. तो हितं यील, आन मी कोपरगावात. दारात नवी बाई बगून माघारी जाईल त्यो. मला डबी संगं न्यायचीय."

"मावशी, तुम्ही ख्रिस्ती ना?"

"ख्रिस्ती हाय, पर आई न्हाई का मी? आन हे पाद्रीसाहेबांच्या कानावर गेलं तर तुझं कालवण बंद."

हवालदाराच्या हातापाया पडून मी रविवारपुरतं एक यंत्र मागून आणलं. "सोमवारी आठच्या आत जागेवर पाहिजे. हरवलंस तर तुझी नोकरी जाईल आणि माझी पट्टी," तो म्हणाला. त्या दिवशी सकाळपासून मला धाक होता, तो सगळा त्या सरकारी मालाचा. दुसऱ्या कशाची भीती मला नव्हती.

मावशी उपासनेहून आली तेव्हा दहा वाजले असतील. ऊन कडक. मी चकतीखाली खुरपं धरून आवाज तपासला आणि डेपोत शिकवतात तसं अंगण सुतळीनं पट्ट्यापट्ट्यांत आखलं. एका पट्टीवरून पाऊल न उचलता सरकत जायचं, आवाज आला की खडूची चिमूट टाकायची. मावशी ओट्यावर बसून माझी टर उडवत होती. "काय रं, अंगान सारवतुयस का शेत पेरतुयस?"

आधी घोड्याचा नाल निघाला. मग किटलीचं झाकण. मग एक पितळी पळी. ती पाहून मावशीनं जीभ चावली. "अग्गं बाई! हिच्यापायी मी एका पोरीला चोर म्हनलं हुतं. लई रडली हुती बिचारी."

बाराच्या सुमाराला, जुन्या रांजणाच्या जागेपाशी, आवाज एकदम चढला. खाली घट्ट मुरूम. पहार घ्यावी लागली. दीड हातावर डबी लागली. पेरूएवढी, काळी पडलेली, लाख चारी बाजूंनी शाबूत. हातात घेतली तर जड... नाळ आणि सुपारी ठेवलेली डबी एवढी जड कशी, असं मनात आलं आणि गेलं.

मावशी म्हणाली, "उघड. हाय का बगू दे."

चाकूनं लाख खरवडायला मला बराच वेळ लागला, इतकी ती पक्की होती. झाकण फिरलं.

डबी पाण्यानं भरलेली होती. काठोकाठ. थोडं माझ्या अंगठ्यावर सांडलं, आणि ते गार होतं, थंडीतल्या पहाटे नदीत हात घालावा तसं गार. रंग गढूळ. मी खाडीकाठचा माणूस, मला पाण्याचा वास कळतो. तो साचलेल्या पाण्याचा वास नव्हता. पावसात नदी चढून वाहते तेव्हा येतो तसा होता. तळाशी सुपारी आणि नाळेचा सुकलेला तुकडा तसाच.

मला भीती वाटली नाही. वाईटही वाटलं नाही. माझे हात दुसऱ्या कोणाचे आहेत आणि मी लांबून ते बघतो आहे, एवढंच वाटत होतं. कानातला हेडफोन काढायचंही सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं मावशी म्हणाली, "यशवंताला पवता येत न्हवतं." आणि मग, कोणाला तरी समजावून सांगावं तसं, "आमच्याकडं पवायला पानी हाय कुठं?"

मी ओला अंगठा सदऱ्याला पुसला.

"तू पान्याकडचा हायस, दत्तू. सांग. हे कसलं पानी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तापात माझ्या कपाळावर फडकं ठेवताना बघायची तसंच. आणि मी म्हणालो, "मोरीचं असेल, मावशी. जमिनीत मुरतं, सरकतं."

"मोरी तर तिकडं मागल्या अंगाला हाय."

"वर्षानुवर्षं मुरलेलं असतं ते. कुठूनही येतं."

तिनं डबी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "व्हय. आसंल." तिनं पाणी खड्ड्यात ओतलं, मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. डबी पदरानं पुसली आणि ट्रंकेत, यशवंताच्या सदऱ्यांत गुंडाळून ठेवली.

ती आत चहा ठेवायला गेल्यावर मी खड्डा आणखी हातभर खणला. मुरूम कोरडा ठाक, धूळ उडत होती. मोरीकडची मातीही उकरून पाहिली, तीही तशीच. त्या उन्हाळ्यात आम्ही पाणी मोजून वापरत होतो, मोरीत जाईलच कशाला? आणि गेलं असतं तरी लाखेतून आत कसं शिरलं?

सोमवारी यंत्र जागेवर ठेवलं. शुक्रवारी मावशीला गाडीत बसवून दिलं.

याला आता दोन वर्षं होतील. कोपरगावहून मावशीची कार्डं येतात, भाचीची मुलगी लिहिते. डबी तिथल्या अंगणात पुरली आहे, यशवंत नगरला आला तर त्याला इकडची गाडी दाखव, असं प्रत्येक कार्डात असतं. मी उत्तर लिहितो, अजून आला नाही, आल्यावर दाखवीन. सरकारचा दुसरा कागद आलेला नाही. यशवंत कुठं आहे हे मला माहीत नाही. मला जे वाटलं ते चुकीचंही असेल. पण त्या दिवशी मावशी रडायला तयार झाली होती, आणि मी तिला रडू दिलं नाही. ते बरं केलं की वाईट, हे मला ठरवता येत नाही.

वाचकांत शिकलेली माणसं आहेत. त्या पाण्याचं कारण कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं. फक्त मोरीचं पाणी असेल असं कोणी लिहू नये. ते मी सांगून बसलो आहे.