मन्मथची लाइटीची सायकल

पडदा वर जातो तेव्हा दिसतं ते असं. अहमदपूरच्या मोंढ्यामागची गल्ली, सकाळचे अकरा. पत्र्याच्या ओसरीत चाकांची खुर्ची, तिच्यापुढं जमिनीवर घट्ट बसवलेली पायडलं. खुर्चीत रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस. त्याचे पाय पायडलांना पट्ट्यांनी बांधलेले, मांड्यांवर चादर, चादरीखाली चिकटपट्ट्या, आणि त्यांच्या वायरी एका लहानशा डब्यात गेलेल्या. समोर सतरंजीवर जळकोटचे पाहुणे, हातात चहाचे कप.

खुर्चीतला मन्मथ. माझा समोरचा शेजारी.

नाटक कंपनी बुडाली आणि मी या गल्लीत राहायला आले, तेव्हा तो चिंचेची झाडं गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, घ्यायचा. बाराव्या वर्षापासून झाडावर चढलेला. माघात चिंच झोडायला लागला की शेंड्यावरून खालच्या बायकांना हाका मारायचा आणि त्या हाकेनं अर्धं शिवार भरून जायचं. मी माइकशिवाय तीन हजार माणसांना ऐकवलेली बाई, पण मला त्या आवाजाचा हेवा वाटायचा.

पाच वर्षांपूर्वी फांदी मोडली. नांदेडला मणक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. हात शाबूत राहिले, पण छातीखालचं सगळं गेलं. लघवीला कायमची नळी आणि नळीला पिशवी. त्याच्या पायांच्या काड्या होताना मी रोज बघत होते.

मग लातूरच्या मुग्धानं, म्हणजे त्याला व्यायाम देणाऱ्या डॉक्टरीणबाईनं, हे यंत्र घरी वापरायला दिलं. डब्यातून विजेचे बारीक ठोके मांडीला मिळतात, स्नायू आखडतात, पायडल फिरतं. मन्मथला त्यातलं काही जाणवत नाही, पण मांस टिकतं, छाती चालती राहते. गल्लीनं नाव ठेवलं, लाइटीची सायकल.

देताना मुग्धानं नागाबाईला, म्हणजे मन्मथच्या बायकोला, आणि मलाही समोर बसवून एक गोष्ट तीनदा सांगितली. लघवी तुंबली तर यांना कळणार नाही, पण रक्तदाब एकदम चढेल. चेहरा लाल होईल, घाम फुटेल, डोकं ठणकेल. आडवं करायचं नाही, बसतं ठेवायचं आणि आधी नळी बघायची. उशीर झाला तर मेंदूतली शीर फुटते.

आम्ही दोघींनी माना डोलावल्या होत्या.

त्या दिवशी जळकोटहून लेकीचे सासू-सासरे अपघातानंतर पहिल्यांदाच घरी आले होते. व्याह्यांपुढं, म्हणजे गुरुबसप्पांपुढं, मुताची पिशवी लोंबती कशी ठेवायची? एरवी ती खुर्चीच्या दांडीला असायची. नागाबाईनं ती मांडीशेजारी खोचली, नळी मांडीखाली सारली आणि वरून चादर अंथरली. मी ते पाहिलं, आणि मला ते बरंच वाटलं. प्रेक्षकांपुढं नको ते झाकायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं.

पाय फिरू लागले तसे गुरुबसप्पा पुढं सरकून बसले.

"म्हणजे चालणार म्हणा की आता."

"चालणं न्हाई, इवाई," मन्मथ व्याह्यांना म्हणाला. "पाय वाळू नयेत म्हणून फिरवून राहिलो. पाय माझे, कष्ट लाइटीचे. आसा गडी तुमच्या शेतात मिळतो का बघा."

सगळे हसले. दहा मिनिटं झाली असतील. मन्मथची मान लाल झाली, मग गाल. कपाळावर घामाचे थेंब टपोरे झाले. डोकं फुटून राहिलंय, असं तो हळूच बोलला.

करंट लागला, असं म्हणत गुरुबसप्पांनी झेप घेऊन बटण बंद केलं. पायडल थांबलं. घाम थांबला नाही. विहीणबाई कांदा हुंगवा म्हणाल्या, आणि गुरुबसप्पा त्याला खाली निजवायला छातीचा पट्टा सोडू लागले. मन्मथनं दोन्ही हातांनी खुर्चीची चाकं धरली. झाडाची फांदी धरणारे हात ते, सुटेनात.

"झोपवू नका."

तो आवाज माझ्यापर्यंतही नीट पोचला नाही. त्या आवाजानं मला भीती वाटली. मी मागून त्याला दंडांचा टेकू दिला आणि बसू द्या म्हणून ओरडले. मग एक हात मोकळा करून खुर्चीला अडकवलेलं रक्तदाबाचं यंत्र त्याच्या दंडाला बांधलं. एरवी वरचा आकडा शंभर-एकशेदहा असतो. आत्ता दोनशे आठ.

"अगं, नळी बघ," मन्मथ म्हणाला.

नागाबाई पदर मुठीत धरून उभी. तिनं चादरीकडं पाहिलं, मग व्याह्यांकडं.

"बरी हाय नळी," ती म्हणाली.

मी रंगमंचावर पुष्कळ थांबे घेतले, पण एवढा लांब थांबा मला कधी सोसवला नव्हता. मन्मथचे डोळे तांबारले होते. नागाबाईचे ओठ हलत होते, हात हलत नव्हता. माझे दोन्ही हात पुन्हा त्याच्या पाठीशी गुंतलेले.

गुरुबसप्पांना कशाची नळी ते ठाऊकच नव्हतं. पण नागाबाई कुठं बघते आहे ते त्यांनी पाहिलं आणि चादर ओढली. मांडीखाली नळी दुमडून चपटी झालेली. त्यांनी एका हातानं मांडी उचलली, दुसऱ्यानं नळी मोकळी केली. पिशवी भराभर फुगली. ती खाली ठेवायला मी सांगितलं, तशी त्यांनी ती हातातच खाली धरून ठेवली.

एकशे नव्वद. एकशे साठ. मी मुग्धाला फोन लावला होता; ती प्रत्येक आकडा विचारत होती, गाडी बोलावून ठेवा म्हणत होती. एकशे तीस झाले तेव्हा नागाबाई उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. चूक माझीही आहे, मी पाहिलं होतं, असं मी तिला सांगितलं. ती ऐकत नव्हती.

मन्मथनं डोळे मिटले होते. सावकाश उघडले. समोर कडक इस्त्रीच्या धोतरातले व्याही, हातात भरलेली पिशवी, कुठं ठेवावी ते कळेना म्हणून तसेच उभे.

"इवाई," तो म्हणाला, "हातात घेतलीच हाय, तर मोरीत रिकामी बी करून या."