पोरींची लीडरशिप आणि माझी पाठदुखी

किस्से आपण गोळा करत नाही, ते आपोआप अंगाला चिकटतात. मालवणच्या आसपासच्या खेड्यांत शाळा-कॉलेजातल्या मुलींचे गट चालवायचे, त्यांना लीडरशिप शिकवायची, गावातला एखादा प्रश्न त्यांच्याकडूनच सोडवून घ्यायचा, हे माझं काम. त्यासाठी स्कूटरवरून लाल धूळ खात फिरायचं. घरी पोचेपर्यंत पाठ अशी धरलेली असते, की नवऱ्याने "आज काय झाला?" विचारलं तर नुसतं "काय नाय" म्हणावंसं वाटतं. पण मग काहीतरी आठवतं, आणि चहा गार होईपर्यंत मी सांगत बसते.

*

पहिल्याच बैठकीची गोष्ट. स्कूटर वाटेत पंक्चर. देवळाच्या मंडपात पोचले तेव्हा पोरी वाट बघून कंटाळल्या होत्या. घाम पुसत मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लीडर म्हणजे कोण?'

सगळ्यांच्या माना खाली, ओढणीशी चाळा. मी म्हटलं, "अगो, चुकला तरी चालात. मनात येता ता सांगा."

शेवटी मागून आवाज आला, "सगळे येवन बसले काय मगे जो येता, तो लीडर."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या!

*

एकदा पुण्याहून एक ट्रेनर मॅडम आल्या. फार गोड बाई. त्यांनी मोबाइलवर मंद संगीत लावलं आणि मुलींना डोळे मिटायला सांगितलं. "पाच वर्षांनंतरची तू तुला कुठे दिसतेस? बघ, नीट बघ."

शाळेमागच्या सुरूच्या झाडांतून वारा येत होता. थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "आता हळूच डोळे उघडा." निम्म्या पोरींनी उघडलेच नाहीत!

त्यात दर्शना होती. तिची आई मासे विकते. दर्शना उजाडायच्या आधी उठून आईबरोबर लिलावाला जाते, आल्यावर सगळ्यांचे डबे करते, मग शाळेत येते. मॅडमनी तिला अलगद हलवलं. "काय दिसलं गं बाळा?"

"मी निजललंय."

"आणि?"

"आणि माका कोण उठवीत नाय होता."

मॅडम खळखळून हसल्या. पुढचा खेळ घ्यायचा म्हणून त्यांनी मला संगीत बंद करायची खूण केली. मी संगीत बंद केलं नाही. म्हटलं, "निजांदे अजून वायच."

*

मग नकाशाचा प्रयोग. गावाचा मोठा नकाशा काढायचा. जिथे बिनधास्त जाता येतं तिथे हिरवा रंग, जिथे भीती वाटते तिथे लाल. "तुमचा तुमी करा, मी बघूचंय नाय," असं मी मोठ्या तोंडाने सांगून बसले होते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तसंच शिकवतात.

ग्रामसभेत पोरींनी नकाशा उलगडला. पुलाखाली लाल, बंद पडलेल्या शाळेपाशी लाल, आणि सरपंचांच्या घरावर भलामोठा लाल गोळा!

सरपंच उठून उभे राहिले. "माझ्या घरावर लाल? माझ्या? कोणाक कसली भीती वाटता, सांगा तोंडान!"

मी मनात म्हटलं, संपलं. आता कुठलं प्रकरण बाहेर येतंय देव जाणे. पल्लवी नावाची मुलगी नकाशा धरून उभी होती. तो काही तिने सोडला नाही.

"तुमची नाय, काका," ती म्हणाली. "तुमच्या कुत्र्याची."

मागून कोणीतरी ओरडलं, "माका पण चावलो तो!"

दुसऱ्या दिवसापासून कुत्रा साखळीला. पुलाखाली मागितलेला दिवा मात्र अजून आलेला नाही. रिपोर्टात मी लिहिलं, 'स्थानिक नेतृत्वाने तातडीने दखल घेतली.'

*

पालकसभा हा माझा सगळ्यात नावडता प्रकार. तेच प्रश्न, तीच उत्तरं. एका सभेत एक बाबा उठले. "मॅडम, ह्या लीडर-बिडर आमका नको. उद्या ही घरात उलट बोलाक लागली, तर जबाबदार कोण?"

याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी ऊन लागलं होतं, डोकं ठणकत होतं. मी पाण्याची बाटली उघडली, नुसता वेळ काढायला.

तेवढ्यात मागच्या ओळीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "बोलांदे तिका. इतकी वर्सां तुमी एकटेच बोलतास!"

बाबा बसले. पुढच्या बैठकीला मुलगी आली. सोबत आईही.

*

आता शेवटचा, मग मी जरा आडवी होते.

एका आडगावात संध्याकाळची एसटीची गाडी बंद झाली. कॉलेज सुटलं की मुलींनी हमरस्त्याच्या तिठ्यावर उतरायचं आणि काजूच्या बागांमधून एवढी लांबची वाट चालत जायचं. मानसीच्या वडिलांनी थोडे दिवस बघितलं आणि तिला घरी बसवलं. मानसी म्हणजे त्या गटाची लीडर. गाडीसाठी भांडायचं ठरवलं होतं तेही तिनेच. गाडी पुढे सुरू झाली, मानसी परत कॉलेजात गेली. पण मधलं वर्ष बुडलं ते बुडलंच. मला सांगायचाय तो डेपोतला दिवस.

उरलेल्या पोरींना घेऊन मी पुन्हा एकदा डेपोत गेले. दरवेळी साहेब पोरींकडे न बघता माझ्याशीच बोलायचे. "मॅडम, पॅसेंजरच नाहीत हो त्या रूटला. बघू आपण." त्या दिवशी मी इतकी दमले होते, की खुर्ची दिसल्याबरोबर बसले आणि गप्प राहिले. मी बोलत नाही म्हटल्यावर साहेब पहिल्यांदाच पोरींकडे वळले.

"काय गं, तुमची लीडर कोण? तिला पुढे पाठवा बघू."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात सानिका उभी राहिली. वर्षभरात हिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता.

"ती येवक नाय," सानिका म्हणाली.

"का?"

"बापाशीन घराकडे बसयल्यान."

साहेब हसले. "मग आम्ही तिला भेटायचं कसं?"

"गावात येवा. सांजेच्या गाडीन येवा, थेट तिच्या दाराकडे थांबता."

"अगं, ती गाडी बंद आहे!"

"होय," सानिका म्हणाली, आणि खाली बसली.