आई काय म्हणायली होती

"आलो जी!" हाक कुणाचीही असो, मामा हातातला घास ताटात ठेवून उठायचे. "जेवा आधी," म्हटलं की हसायचे, "सवय हाय, सर. अंगातच मुरली."

खटकचिंचोळीच्या शाळेत मी शिकवायचो, ते शिपाई होते. तुमच्याकडेही असा एखादा असेल, ज्याला सगळे कामं सांगतात आणि ज्याचं गाव कुणी विचारत नाही.

मामांचं गाव औरादच्या पलीकडचं. घरात तेलुगू. सात-आठ वर्षांचे असताना बापानं त्यांना आमच्याच भागातल्या मेहकरकडच्या एका मराठी मालकाच्या शेतावर म्हशी राखायला ठेवलं. पोटाला भाकर, निजायला गोठा. सुरुवातीला ते म्हशींशी तेलुगूत बोलायचे. "माझ्या जनावराला माझ्या बोलीत हाक मार," म्हणत मालक चाबूक ओढायचा. हळूहळू मराठी आली आणि घरची बोली गेली.

मिशी फुटली तेव्हा भाऊ न्यायला आला. आई शेवटच्या दुखण्यात होती.

"आईनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. लय वेळ बोलायली. मला एक अक्षर कळंना, निस्ती मान हलवायलो. भावाला इचारलं, काय म्हणायली? तो म्हणला, काई न्हाई, जेव म्हणायली."

मग मामा मलाच विचारायचे, "एवढा वेळ निस्तं जेव म्हणत असंल का हो, सर?"



आई गेली, आणि मामा पुन्हा गोठ्यात आले. मालक मेल्यावरच सुटले आणि शाळेत शिपाई म्हणून लागले.

पुढे मालकाच्या नातवानं गावजेवण घातलं, माईकवरून बोलावून मामांना शाल दिली. "हे आमच्या घरातलेच. आजोबांनी लेकरासारखं वाढवलं." टाळ्या झाल्या. मामा खाली उतरून माझ्या कानाशी आले, "मग ह्यांचे लेकरं कामून गोठ्यात निजले न्हाईत?"

आईच्या बोलण्यातले दोन-तीन शब्द त्यांनी जपून ठेवले होते. शाळेत तेलुगू जाणणाऱ्या एक बाई आल्या, तेव्हा लाजत लाजत त्यांना म्हणून दाखवले. बाईंनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "मामा, ह्याचा काहीच अर्थ लागत नाही हो."

"असू द्या, अक्का."

ते शब्द मग त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत.

मागच्या साली मामा गेले. लग्न झालेलं नव्हतं, भाऊ कधीच वारला होता. कळवायचं कुणाला, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मालकाचा नातू गाडीतून आला. "आमचा माणूस होता," म्हणाला आणि पहिली मूठ माती त्यानंच टाकली. त्याला अडवायला हक्काचं कुणी नव्हतं.