कासवाची पाठराखीण

"आवं, बघा की, दिसभर त्या दगडावर एकटंच बसून असतंय. जीव कसा रमंल त्याचा?"

आत्या हे मामांना सांगत होत्या. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते, आणि बोलणं चाललं होतं माझ्या कासवाबद्दल.

"मग काय करायचं म्हणतीस?"

"लेकीला सासरी धाडताना पाठराखीण देतोय न्हवं आपण? मग ह्यालाबी नको का कोण? भाची तर तोंडच उघडत न्हाई. त्यानं बोलायचं कुनासंगं?"

दोघंही हसले. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि बाहेर गेले नाही.

सांगलीत नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून आत्यांच्या घरी राहायला आले होते. सोबत दोन बॅगा आणि काचेची टाकी. टाकीतलं कासव, कानामागे लाल पट्टा असलेलं, मी आठवीत असल्यापासून माझ्याकडे होतं. सकाळी ते दिव्याखालच्या सपाट दगडावर चढायचं, मागचे पाय ताणून ऊब घ्यायचं आणि मान बाहेर टाकून झोपायचं. घाबरलेलं कासव असं मान बाहेर टाकून झोपत नाही. पण एवढं सांगायला मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत समोरच्यांचा विषय बदललेला असतो. इंग्रजी शाळेत गेली म्हणून बोलत नाही, असं त्या घरात ठरलेलंच होतं. शिष्ट आहे, असंही.

तरी रात्रीच्या जेवणात मी म्हणाले, "आत्या, कासवांना सोबत लागत नाही. ती एकेकटीच राहतात."

"जीव हाय म्हटल्यावर सोबत लागतीच की गं. मी म्हसवडहून हितं आले तवा माझी आज्जी पाठराखीण म्हणून आली हुती. तिच्या कुशीत झोपले म्हणून तगले. न्हाईतर पळून गेले आस्ते दुसऱ्या दिवशी."

"आजून बी बघ की, पळायचं आसंल तर," मामा म्हणाले, आणि पुन्हा हशा.

आत्यांचं खरं असेल. पण पाठराखीण मीही होऊन आले आहे, त्यांच्याच मुलीची. तिचं लग्न होऊन ती कुंडलला गेली तेव्हा मला सोबत पाठवलं होतं. तिथे तिला एक क्षण एकटं मिळालं नाही. खोलीत मी, दारात नणंदा. ती न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडली, आणि बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून हसली. मला बरं वाटावं म्हणून. हे आत्यांना मी कधी सांगितलं नव्हतं, त्या रात्री जेवतानाही सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

त्याच आठवड्यात कामावरून आले तर टाकीत दुसरं कासव. माझ्या कासवापेक्षा चांगलंच थोरलं. पाठीवर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, आणि ते विरघळून पाणी पिवळट झालेलं. आत्या टाकीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. इतक्या खुशीत, की मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच उभी राहिले. मला विचारलं नव्हतं. टाकी माझी, पाणी मी बदलते, दिवा मी लावते, आणि विचारलं नव्हतं.

थोरलं माझ्या कासवाच्या पाठीवर चढून बसलं. "बघ, कसं गळ्यात पडलंय!" आत्या म्हणाल्या. मग थोरल्यानं पुढची नखं माझ्या कासवाच्या तोंडासमोर थरथरवली. "गाल कुरवाळतंय गं!" शेजारच्या काकी मुद्दाम बघायला आल्या, त्यांनी फोनवर व्हिडिओ काढला. मला दिसत होतं ते असं: दगड एकच, दिवा एकच, आणि जो वर बसेल त्याला ऊब. माझं कासव खाली कोपऱ्यात, मान पार आत. मी टाकलेले दाणे त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

मी मधे जाळी लावली. संध्याकाळी आले तर जाळी मोरीत धुऊन ठेवलेली.

"आत्या, जाळी..."

"भित्ताड कशाला घालतीस दोघांत? व्हईल सवय."

मी पुन्हा लावली. पुन्हा निघाली. राग मला आत्यांच्या अडाणीपणाचा नव्हता. त्यांचं टाकीवरून लक्ष हटत नव्हतं, तासन्‌तास बघायच्या, आणि तरी त्यांना हवं तेच दिसायचं, याचा होता. एक जीव दुसऱ्याच्या अंगाखाली दबलाय आणि पाच माणसं म्हणतायत, किती माया!

रविवारी सकाळी पाण्यात लालसर धागा तरंगताना दिसला. माझ्या कासवाचा मागचा पाय फाटला होता, शेपटीचं टोक गेलं होतं. मी ते बाहेर काढून मोरीत नेलं, जखम धुतली, औषध लावलं, तिथल्याच मोकळ्या बादलीत तळाशी ओला कपडा घालून ठेवलं. त्यानं हाताला चावायचाही प्रयत्न केला नाही.

बाहेर काकी चहाला आल्या होत्या. आत्या त्यांना सांगत होत्या, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "हिचंच कासव मानूसघाणं. जुळवूनच घेत न्हाई. मालकिणीवर गेलंय."

"मग वो?"

"मग काय, घाटावर सोडून येतो म्हणलेत हे. कृष्णेत लय कासवं हायेत, चारचौघांत ऱ्हायला शिकंल. पुण्यबी लागंल. हे नवं गुणाचं हाय, ते ऱ्हाऊ दे."

मामा खरंच चप्पल घालून दारात उभे होते, हातात भाजीची पिशवी. त्या पिशवीत घालून ते माझं कासव नेणार होते. आयुष्यभर काचेत वाढलेलं, दिव्याच्या उबेवर जगलेलं, पाय फाटलेलं. मामा मोरीकडे वळले आणि बादलीकडे हात करून मला म्हणाले, "दे गं."

मी बादली उचलून दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि बाहेरच्या खोलीत आले. आवाज फाटणार हे मला माहीत होतं, आणि तो फाटलाच.

"हे कुठंही जाणार नाही. चावतंय ते तुम्ही आणलेलं, माझं नाही. आणताना मला विचारलं नाहीत, मी लावलेली जाळी दोनदा काढलीत, आणि ह्याचा पाय फाटला तरी तुम्हाला ते लाडच वाटले. आत्या, ज्या दुकानातून ते आणलंत तिथं आजच परत नेऊन द्या. मी नेणार नाही, तुम्ही न्या. माझ्या टाकीत एकच कासव राहणार."