कुंकवाखालचं नाव

रुमालवाले मास्तर कुणाच्याही घरी गेले, की चहाआधी हात धुवायला पाणी मागत. "पावणं, आदी च्या घ्या की," असा कितीही आग्रह झाला तरी ऐकत नसत. हात धुवायचे, पंच्याने पुसायचे, वर फुंकर मारायची आणि मगच रुमालात बांधलेल्या जुन्या कागदांना हात लावायचा. तोवर माझा जीव मेटाकुटीला येई.

साध्या माणसांचा इतिहास घरोघरच्या मोडी कागदांवरून लिहावा, हे कोल्हापूरकडे पहिल्यांदा त्यांनाच सुचलं. "इतिहास निस्ता राजवाड्यात न्हाय बाई, देव्हाऱ्यामागं बी हाय," म्हणायचे. मी पेठ वडगावच्या शाळेत शिक्षिका. दर रविवारी एसटीने आम्ही गावं हिंडायचो. ते वाचत, मी त्यांच्या पुस्तकासाठी वहीत उतरवून घेई. मोडी मला त्यांनीच शिकवली, ओरडून ओरडून.

दसऱ्याचा मात्र त्यांना धसका. शस्त्रांबरोबर हे कागदही पूजेला बसत आणि भक्तिभावाने लावलेल्या ओल्या कुंकवाखाली अक्षरं बुडत. "टिळा रुमालाला लावा की, कागदाला कशापायी?" असं ते हात जोडून सांगत फिरत.

कोडोलीत एका घरी निवाड्याचा कागद निघाला. विहिरीचं पाणी साऱ्या गावाला खुलं राहावं म्हणून त्या घरची एक सून पंचांपुढे भांडली होती आणि जिंकलीही होती. मास्तर हरखून वाचत होते, ते एकदम थांबले. नेमकं तिच्या नावावर कुंकू! घरातल्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "बाईमानसाचं नाव कोण ध्येनात ठेवतंय?"

"अंदाजाने लिहू या का?" मी विचारलं.

"अंदाज आमटीत चालतोय, बाई. हितं न्हाय."

त्यांनी वहीत जागा कोरी सोडायला लावली आणि पुस्तक तिथेच अडलं. एका नावासाठी एवढा हट्ट कशाला, म्हणून मी भांडलेसुद्धा. त्यांचं एकच, "निवाड्याची एक प्रत हरणाऱ्यालाबी मिळत हुती. त्येचं घर हुडकायचं." ते घर हुडकता हुडकता मास्तर गेले. वही माझ्याकडे आली.

गेल्या महिन्यात ते घर सापडलं. माझ्याच पेठ वडगावात, शाळेमागच्या गल्लीत! माळ्यावरचं गाठोडं झटकत घरधनी म्हणाले, "हरल्याल्या भांडणाचा कागुद ह्यो. ह्येची पूजा कोण करतंय?" म्हणूनच त्यावर कुंकवाचा ठिपका नव्हता. नाव लख्ख होतं.

"मास्तर, बघा!" असं म्हणत मी वळलेसुद्धा. मागे कुणी नव्हतं. मास्तर गेले त्या दिवशीसुद्धा मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

घरी आले. हात धुतले, पुसले, वर फुंकर मारली. मग वही उघडली आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं, सगुणा.